बाळंतिणीसाठी राखीव

चाकवत ही भाजी मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी आवडत नव्हती आणि आताही आवडत नाही. ताकात घोटलेली, आंबट, ताटात वाढली की भाताच्या दिशेने सरकत जाणारी. आई ताटाच्या एका कडेखाली चमचा सरकवून द्यायची, म्हणजे भाजी पलीकडे राहील. तरी ती माझ्या भातापर्यंत पोचायचीच. आणि असं असूनही दर थंडीत मी खराडीहून कात्रजपर्यंत ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास घालवते, बाबांच्या गच्चीवरून पिशवीभर चाकवत खुडून आणते, घरी त्याची ताकातली भाजी करते आणि मुकाट्याने दोन वाट्या खाते. नवरा दर वर्षी विचारतो, "आवडत नाही तर कशाला एवढा अट्टहास?" त्या दिवशी तो तिथेच होता, सगळं त्याच्यासमोर झालं, तरी विचारतो. नवऱ्यांना काही गोष्टी समोर घडूनही दिसत नाहीत, आणि त्यावरून भांडायचं मी आता सोडून दिलं आहे.

तर आधी गच्ची. माझं माहेर कात्रजच्या जरा अलीकडे, तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत. गच्चीवरून घाटाचे डोंगर दिसतात आणि थंडीत संध्याकाळ झाली की तिकडून उतरणारा गारवा थेट आमच्या गच्चीत येऊन बसतो. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तिथे हरितगृह उभारलं. हरितगृह हा त्यांचा शब्द. लोखंडी पाइप, वरून जाड प्लॅस्टिकचा कागद आणि बाजूंनी हिरवी जाळी, एवढाच त्याचा थाट. बाकी सोसायटी त्याला मांडव म्हणायची. तळमजल्यावरच्या काकू तर जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय मग, वऱ्हाड कधी येतंय?"

आत आईचे गुलाब होते. एक कोपरा मात्र कशालाच दाद द्यायचा नाही. त्या कोपऱ्याला लागून दक्षिणेच्या बाजूला सोसायटीची पाण्याची टाकी आहे, सिमेंटची, कायम ओलसर. थंडीत तिची सावली दिवसभर तिथेच. बाबा सरकारी खात्यात नकाशे काढायचे, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटायची नाही. एका रविवारी ते दर तासाला गच्चीवर गेले आणि टाकीच्या सावलीच्या कडेने खडूने रेघ मारून प्रत्येक रेघेवर वेळ लिहून आले. संध्याकाळी निष्कर्ष जाहीर केला की कोपऱ्याला सकाळी पाऊण तास तिरकं ऊन मिळतं, बाकी दिवस सावली.

"हे मी तुम्हाला खडूशिवाय सांगितलं असतं," आई म्हणाली.

"सांगितलं असतंस. रेघ कुठे मारली असतीस?"

त्या कोपऱ्यात त्यांनी मिरची लावली, ती नुसती उंच झाली. टोमॅटो लावला, त्याला जेमतेम एक टोमॅटो धरला. मग ते म्हणाले, "सूर्य आपल्या सोसायटीचा सभासद नाही, त्याला नोटीस कशी काढणार?" आणि तिथे रिकाम्या कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची ठेवून दिली.

माझं लग्न झालं, मी खराडीला गेले. दुसऱ्या वर्षी आई गेली. ते कसं झालं ते इथे लिहीत नाही. बाबा एकटे राहिले. गुलाबांना पाणी घालायचे, फांद्या छाटायचे, पण फूल एकही तोडायचे नाहीत. फुलं झाडावरच सुकून गळायची. मी फोनवर विचारायचे, "जेवलात का?" ते म्हणायचे, "न जेवून सांगतो कोणाला?" आमचं बोलणं असं चालायचं.

आई गेल्यावर तीन वर्षांनी मला दिवस गेले. तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझ्या सासूबाईंनाही ते मान्य होतं. त्या अमरावतीकडच्या. मुलाला आयटीत नोकरी लागली, त्याने खराडीला फ्लॅट घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर आल्या. मनाने चांगल्या, बोलायला एक घाव दोन तुकडे. दिवाळीच्या आधी एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "पहिले बाळंतपण माहेरचे, हे खरेच आहे. पण माहेरी माय पाहिजे ना. तिथे तुझे कोण करणार? तुझे बाबा? त्यांना बिचाऱ्यांना स्वतःचा चहा धड जमत नाही. तू इथेच राहा. मी आहे."

यात चुकीचं काहीच नव्हतं, हेच तर वाईट होतं. मला एक मावशी आहे, पण ती नाशिकला, आणि तिच्याच दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आत्या नाही. बहीण नाही, भाऊ नाही, वहिनी नाही. मी मान डोलावली.

दिवाळीला माहेरी गेले तर मागच्या खोलीला ताज्या रंगाचा वास येत होता. फिकट पिवळा रंग. पलंग खिडकीपासून आत सरकवलेला. खिडकीच्या फटींना कापडाच्या पट्ट्या लावलेल्या, वारा येऊ नये म्हणून.

"रंग कशाला दिला?" मी विचारलं.

"भिंत फुगली होती."

"चारही?"

"फुगायला लागल्या की एकट्या फुगत नाहीत."

मला कळत होतं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते? बाबांना हवं होतं की मी त्या खोलीत यावं. पण ते तोंडाने म्हणणार नव्हते. ताकास तूर लागू द्यायची नाही हा त्यांचा जन्मजात स्वभाव. आणि मला काय हवं होतं, तेही सांगते. मला हवं होतं की मी 'तिकडे राहते' म्हटल्यावर त्यांनी म्हणावं, 'मुळीच नाही, तू इथे यायचंस.' एवढं एक वाक्य. पुढचं मी कसंही निभावलं असतं. म्हणून मी चिवडा खाता खाता सरळ सांगितलं, "बाबा, बाळंतपणाला मी खराडीलाच राहते. सासूबाई आहेत तिकडे."

त्यांनी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "बरं. दवाखानाही तिकडून जवळ पडेल." आणि विचारलं, "चिवडा देऊ का आणखी?"

मी नको म्हटलं. घरी येताना रिक्षात रडले. वाईट तर वाटलंच, पण खरं सांगायचं तर राग जास्त आला होता. माणसाने लेकीसाठी चार भिंती रंगवाव्यात आणि एक वाक्य बोलू नये, याला काय म्हणायचं?

डिसेंबरच्या मध्यावर एके दिवशी मी ऑफिसात असताना तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "अगं, तू बाळंत झालीस का?"

"नाही हो काकू. फेब्रुवारीत आहे."

"मग गच्चीत पाटी कशी काय?"

"कसली पाटी?"

त्यांनी वाचून दाखवली. म्हणजे आधीच कागदावर उतरवून घेतली होती. 'ही पालेभाजी बाळंतिणीसाठी राखीव आहे. कृपया खुडू नये. खुडल्यास कळते.'

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," काकू म्हणाल्या. "आम्ही बाळाचं टोपडंसुद्धा आधी शिवत नाही. आणि हे पत्र्यावर रंगवून मोकळे. काढायला सांग त्यांना. शिवाय खुडल्यास कळते म्हणजे काय? इथे चोर राहतात का?"

मी कपाळाला हात लावला. मग बाबांना फोन केला.

"बाबा, गच्चीत काय लावलंय?"

"पालेभाजी."

"कोणासाठी?"

"काकूंना वाचता येतं की."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मी तिकडे राहणार म्हणून?"

"सांगितलंस. त्याचा भाजीशी काय संबंध? डबा आणून देईन."

"कात्रजहून खराडीला? दोन बस बदलून?"

"बस लोकांनी बसण्यासाठीच असतात."

मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. आठव्या महिन्यात असं होतंच म्हणतात, पण आठव्या महिन्याचं ते नव्हतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हातात डबा घेऊन, स्वारगेटला बस बदलतोय, एवढंच मला दिसत होतं.

संध्याकाळी घरी मी हे हसत हसत सांगायला गेले आणि मध्येच थांबले. सासूबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "रविवारी जाऊ," त्या म्हणाल्या. "मला पाहू दे ती पाटी." सासूबाई काय बोलतील याचा नेम नव्हता आणि बाबा काय उत्तर देतील याचा तर अजिबातच नव्हता.

रविवारी मी, नवरा आणि सासूबाई गेलो. चहा झाला. तीन मजले चढून आलेलीच होते, गच्ची म्हणजे अजून एक जिना. सासूबाई माझ्या दंडाला धरून, पायरीपायरीवर थांबत मला वर घेऊन गेल्या. बाबा पुढे.

कोपरा ओळखू येत नव्हता. मोडकी खुर्ची गेली होती. टाकीच्या भिंतीला लागून रंगाच्या रिकाम्या बादल्या ओळीने मांडलेल्या, नऊ. त्यातल्या दोनांवर फिकट पिवळ्या रंगाचे ओघळ अजून बाहेरून दिसत होते. मागच्या खोलीचा रंग. आणि प्रत्येक बादलीत वीतभर उंचीचा, दाट, गुबगुबीत चाकवत. पानं तळहाताएवढी, मागून पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट.

बाबांना कोणी विचारलं नव्हतं, पण ते सांगायला लागले. बोलघेवडा माणूस नाही, पण मोजलेल्या गोष्टीविषयी त्यांना बोलता येतं. बी मोहरीहूनही बारीक, म्हणून वाळूत मिसळून टाकलं. वरून पाणी घातलं की बी वाहून एका कडेला जमतं, म्हणून ओलं गोणपाट झाकून ठेवलं आणि कोंब दिसले तसं काढलं. दाट झालेली रोपं उपटून विरळ केली. "उन्हात हा लवकर तुऱ्यावर येतो, मग पान निबर होतं," ते म्हणाले. "इथे सावली आणि गारवा, त्यामुळे याला घाई नाही. पान वाढवत बसतो. सगळी दुनिया उन्हाच्या मागे आणि या एका जातीला नेमकी हीच जागा हवी होती. इतकी वर्षं मी तिथे टोमॅटोला बळंच उभं करत होतो."

सासूबाईंनी पाटी वाचली. नकाशावर असायचं तसं रेखीव, सुबक अक्षर. "अक्षर सुंदर आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. मग वाकून एक पान खुडलं आणि बाबांकडे पाहिलं. खुडल्याचं कळलं होतं.

"हे सगळेच चाकवत आहे?"

"सगळंच."

"अन् याचे काय करणार तुम्ही?"

"ताकातली भाजी. हिच्या आईची पद्धत मला माहीत आहे. डाळ आणि दाणे आदल्या दिवशी भिजवायचे, ताकाला थोडं बेसन लावायचं, शेवटी गुळाचा खडा. गेला महिनाभर मी दर आठवड्याला करून बघतोय. आता जमते."

"ताकातली," सासूबाई म्हणाल्या. "आंबट. बाळंतिणीला?"

बाबांनी पाटीकडे बघितलं.

"बाळंतिणीला आंबट अन् गार देत नाहीत, भाऊ. सव्वा महिना तर नाहीच नाही. तिला शेपू लागते, मेथी लागते, लसूण लागते, बाजरीची भाकर लागते. हे तर काहीच चालत नाही तिला."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तरी नऊच्या नऊ बादल्या, गोणपाट, वाळू, दर आठवड्याचा सराव, सगळं एका वाक्यात निकालात निघालं. तिथे तुझे कोण करणार, असं त्यांनी दिवाळीआधी विचारलं होतं, त्याचं उत्तर आता समोर नऊ बादल्यांत उभं होतं आणि ते चुकलं होतं. बाबांनाही ते कळलं. पाटीच्या कडेला हात लावून ती सरळ असूनही त्यांनी सरळ केली.

"हिच्या वेळी हिच्या आईला हेच लागायचं," ते म्हणाले. "रोज. मी मंडईतून जुड्या आणायचो. संपली की पुन्हा. दुसरं काही नको म्हणायची. मला पक्कं आठवतंय."

"बाळंतपणात?"

"हिच्या वेळी," बाबा पुन्हा म्हणाले आणि थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं. "नाही. ते आधी. सातव्या महिन्यापर्यंत. मग ती साताऱ्याला गेली, माहेरी."

"म्हणजे डोहाळे," सासूबाई म्हणाल्या. "डोहाळे आंबटाचेच असतात."

"असतील. नंतरचं मी कुठे बघितलंय? मी रविवारी एसटीने जायचो. बाहेरच्या खोलीत चहा द्यायचे, बाळ आणून दाखवायचे, हिची आई दारापर्यंत यायची, आणि पाचच्या गाडीने मी परत. आत काय शिजतंय, ती काय खातेय, मला कोण सांगणार? आणि मी तरी कशाला विचारतोय? तीन महिन्यांनी दोघी घरी आल्या तेव्हा सगळं आटपलेलं होतं."

नवरा घाटाकडे बघत होता. मी गच्चीच्या कठड्याला टेकले. बायकोला बाळंतपणाला माहेरी धाडायचं, ही रीत. त्यामुळे या माणसाने बाळंतपण कधी पाहिलंच नव्हतं. त्याला माहीत होते फक्त डोहाळे, कारण तेवढेच त्याच्या घरात झाले होते. तेहतीस वर्षं त्याने ते जपून ठेवले होते, भाजीच्या नावासकट, आणि आता माझ्यासाठी त्यातलं जे होतं ते सगळं काढून मांडलं होतं. मी त्यांच्याकडून एका वाक्याची वाट बघत होते, आणि त्यांनी वाक्य सोडून बाकी सगळं केलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "मी इकडे येते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या काय म्हणतात कोण जाणे. त्यांनी हातातलं पान उलटसुलट केलं, पदराला पुसलं.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "माहेरी माय पाहिजे असे मीच म्हटले होते. बापही चालतो, असे दिसते. पण मी दर दोन दिवसांनी येईन आणि मी सांगेन तसे करायचे. मधे पाटी लावायची नाही."

बाबांनी लगेच विचारलं, "शेपूला किती दिवस लागतात?"

"चाळीस-पंचेचाळीस. अशी सावली असली तर आठवडा जास्त."

"तारखेला सात आठवडे आहेत. म्हणजे आज पेरायला हवं." आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. आनंद झाला, बरं वाटलं, असलं काहीही नाही. पहिल्या बादलीतला चाकवत मुठीत धरून त्यांनी मुळासकट उपटला सुद्धा.

"थांबा," मी म्हणाले. "मी अजून बाळंतीण कुठे झालेय? मला आज आंबट चालतं ना?"

"आज चालते," सासूबाई म्हणाल्या. "आज तर चालायलाच पाहिजे."

मग खाली आईच्या स्वयंपाकघरात सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आई गेल्यापासून त्या ओट्याशी दुसरी बाई उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं होतं, मला ते बघवणार नाही. पण त्या फोडणीचा डबा कुठे, रवी कुठे, असं विचारत राहिल्या आणि बाबा एकेक वस्तू काढून देत राहिले, आणि तेवढ्यात भाजी उकळली. डाळ-दाणे बाबांनी आदल्या रात्रीच भिजवून ठेवले होते, सरावासाठी. सासूबाईंची पद्धत वेगळी. त्या गूळ घालत नाहीत. पण बाबा गुळाचा खडा घेऊन मागे उभे होते. सासूबाईंनी तो मुकाट्याने घेतला आणि टाकला.

मी दोन वाट्या खाल्ल्या. आवडली का? नाही. पण ताटाखाली चमचा मी स्वतः सरकवला.

दुपारी बाबांनी उरलेल्या बादल्या रिकाम्या केल्या. एक तेवढी ठेवली, बियाण्यासाठी. जुड्या बांधल्या आणि सोसायटीतल्या प्रत्येक दारात नेऊन दिल्या. काकूंना दोन मिळाल्या.

"राखीव भाजी आम्हाला कशी?" काकूंनी विचारलं.

"राखीव होती," बाबा म्हणाले. "मुदत संपली."

संध्याकाळी निघताना मी पुन्हा वर जाऊन पाहिलं नाही, जिना झेपणारा नव्हता. नवरा जाऊन आला. म्हणाला, पाटी काढलीय आणि आठ बादल्यांवर गोणपाट आहे.

लेक झाली, तारखेच्या दोन दिवस आधी. दवाखान्यातून मी थेट पिवळ्या खोलीत आले. मालिशवाली बाई सकाळी यायची. सासूबाई खरोखरच दर दोन दिवसांनी यायच्या, दोन बस बदलून, आणि बाबांचा क्लास घ्यायच्या. अळीव कसे भाजायचे, बाजरीचं पीठ कसं मळायचं, शेक-शेगडीचे निखारे कसे फुलवायचे. बाबा वहीत लिहून घ्यायचे. भाकरी त्यांना शेवटपर्यंत गोल जमली नाही. ते म्हणायचे, "महाराष्ट्राचा नकाशा तरी ओळखू येतोय ना?" ओळखू येत नव्हता.

एक गोष्ट मात्र ते करायचे नाहीत. खोलीत यायचे नाहीत. ताट घेऊन यायचे आणि उंबऱ्यापाशी उभे राहून विचारायचे, "आत येऊ का?" मी हो म्हटलं की दोन पावलं येऊन ताट स्टुलावर ठेवायचे आणि परत दारात. बाळाकडेही तिथूनच बघायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाळंतिणीची खोली म्हणजे बाहेरून बघायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी दोनतीनदा "बसा ना" म्हटलं, तर म्हणाले, "भाजी लागेल खाली."

शेपू सावलीत थोडी उशिराच आली. लांबुळकी, नाजूक, जरा कलंडलेली, पण वास असा की बाबांनी खुडली की जिन्यात कळायचं. लेक दहा दिवसांची झाली त्या दुपारी पहिली भाजी झाली. मुगाची डाळ, भरपूर लसूण. सासूबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या, सगळं बाबांनी एकट्याने केलं होतं. मीठ किंचित जास्त होतं. मी डोक्याला फडकं बांधून पलंगावर मांडी घालून बसले होते, मांडीजवळ लेक झोपलेली, आणि भाकरीचे तुकडे मोडून मोडून खात होते. भूकही अशी लागायची तेव्हा की विचारू नका.

बाबा दारात उभे होते. नेहमी ताट ठेवून जायचे, त्या दिवशी गेले नाहीत.

"तुझी आई अशीच खायची का गं?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. "कधी?"

"तू झालीस तेव्हा. अशीच बसायची का, फडकं बांधून?"

"मला कसं माहीत असणार, बाबा? मी दहा दिवसांची होते."

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच."

मग ते आत आले. विचारलं नाही. स्टुलावरचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं, रिकामं स्टूल आणखी जवळ ओढलं आणि माझं जेवण होईपर्यंत तिथे बसून राहिले.